अठरावी गल

गोट्या खेळताना मुलं टाचेनं मातीत खळगा करतात, त्याला आमच्या उमापुरात गल म्हणतात. माझे शेजारी पाशाभाई बागवान एकोणीस वर्षं परदेशात गल पाडायच्या नोकरीवर होते. मी चेष्टा करत नाही. नोकरीच्या कागदावर काय लिहिलं होतं कोण जाणे, पण काम हेच. आखातातल्या एका मोठ्या गोल्फ क्लबात रोज पहाटे उठायचं, अठरा हिरवळींवर नवीन अठरा ठिकाणी गल पाडायची आणि कालच्या अठरा बुजवून टाकायच्या. गोल्फचा चेंडू शेवटी ज्या भोकात जाऊन पडतो, ते भोक म्हणजे आमच्या पाशाभाईंच्या हातचं.

हे पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला हसू आवरेना. मी तीस वर्षं अंगणवाडी चालवलेली बाई. म्हटलं, "पाशाभाई, एवढं काम तर माझी चार वर्षांची पोरं फुकट करतील. त्यासाठी विमानानं माणूस काहून न्यायचा?"

पाशाभाई चिडणारे नाहीत. अंगणात उकिडवे बसले, बोटानं मातीत गोल काढला आणि म्हणाले, "ताई, पाडनं सोपं हाय. बुजवनं अवघड. जुनी गल कुठं होती ते दुसऱ्या दिशी मला सुदिक दिसू नये, तवा म्हनायचं काम झालं."

मग त्यांनी सगळं सांगितलं. एक धारदार पोलादी नळा असतो, त्याला वर दोन मुठी. तो गवतात सरळ दाबायचा आणि वर ओढायचा. मातीचा गोल ठोकळा बाहेर येतो, त्याच्या डोक्यावर गवत तसंच. पाशाभाई त्याला बूच म्हणायचे. ते बूच नेऊन कालच्या गलीत बसवायचं, पायानं दाबायचं आणि मग जमिनीला गाल लावून बघायचं. नखाएवढं वर राहिलं तर चेंडू अडतो, नखाएवढं खाली गेलं तर चेंडू वळतो. त्यावर पिचकारीनं पाणी, तेसुद्धा मोजून. रोज जागा बदलायची कारण एकाच जागेभोवती माणसं चालली की गवत दबून मरतं.

हे काम पाशाभाईंच्या हाताला बसलं त्याचं कारण त्यांचा बाप. उमापुरात बागवानांची मोसंबीची रोपवाटिका होती. कलमं बांधायची, वर्षभर वाढवायची आणि मुळाभोवतीच्या मातीसकट काढून द्यायची. त्या मातीच्या गोळ्याला हुंडी म्हणतात. हुंडी फुटली की रोप गेलं. पाशाभाई दहा वर्षांचे असल्यापासून हुंड्या काढत. उपटलेल्या मुळाला आधी पाणी द्यायचं, बाकी सगळं नंतर, अशी त्यांच्या बापाची शिकवण होती. आमच्या भागात पाऊस रुसलेलाच असतो, तरी म्हातारा स्वतः तांब्यातलं प्यायचं थांबेल पण नव्या रोपाला ओंजळभर घालेल. पुढं बोअर आटले, मोसंबीच्या बागा लोकांनी तोडून सरपण केल्या, रोपं कोण घेणार? पाशाभाई गेले. तेव्हा त्यांची एकुलती एक नाजिया पहिलीत होती. आज ती सिरसाळ्याला दोन लेकरांची आई आहे.

दोन वर्षांनी एकदा, दोन महिन्यांसाठी ते यायचे. बाकीचे दिवस त्यांची बायको आमिनाबी एकटी. आठवडी बाजारात फळांची पाटी लावायची, दुपारी मशीनवर शिवायची. एकोणीस वर्षांत तिनं माझ्याजवळ एकदाही कुरकुर केली नाही. मला उलट त्याचाच राग यायचा. आमचे हे दोन दिवस पुण्याला गेले तरी मी दहा जणींना सांगते. ही बाई मात्र विचारलं की म्हणायची, "हायेत ना बरे, फोन आलता." इतकंच.

मागच्या वेळी पाशाभाई आले तेव्हा एक गोष्ट कळली आणि मी थक्क झाले. आमच्या ओट्यावर चहा पीत होते. मी सहज विचारलं, "चेंडू गलीत पडतो तवा मजा वाटत आसंल ना बघायला?"

त्यांनी चहाचा घोट घेतला. म्हणाले, "मी कधी बघितला न्हाई, ताई."

त्या क्लबाची रीत अशी की खेळणाऱ्यांना कामगार दिसता कामा नये. उजाडायच्या आत गल पाडायची आणि गाडीत बसून मागच्या शेडकडं जायचं. दिवसभर तिथं यंत्रं धुवायची, गवताची रोपं जगवायची. लांबून चेंडू उडताना त्यांनी हजारदा पाहिलेले. पडताना एकही नाही.

"म्हणजे एवढी वर्षं बिळं पाडली अन् उंदीर एकदाबी पाहिला न्हाई?" मी म्हटलं.

ते हसले. मग कप खाली ठेवून म्हणाले, "एकदा बघायचं हाय. मपल्या हातच्या गलीत चेंडू पडताना. टीव्हीत न्हाई, डोळ्यानं. एकदा बघितला की परत यायला मोकळा."

माणसाला काय हवं असतं ते सांगता येत नाही. आमच्या गल्लीत कुणाला माडी हवी, कुणाला पोराला नोकरी. ह्या माणसाला एक चेंडू पडताना पाहायचा होता. मला त्या दिवशी ते वेडपटपणाचं वाटलं नाही, एवढं खरं.

त्यांचा करार मागच्या डिसेंबरात संपणार होता. पुढं वय झालं म्हणून क्लब ठेवणार नव्हता. आणि नोव्हेंबरात तिथं मोठी स्पर्धा आली. वेगवेगळ्या देशांच्या जोड्या, प्रत्येक देशाचे दोन गडी, चार दिवसांचा खेळ. आपल्या देशाचीही जोडी होती, एक उंच आणि एक ठेंगणा. पाशाभाईंनी धीर केला आणि मैदानाच्या मोठ्या साहेबांना विचारलं. साहेब म्हातारा, परदेशी, अबोल माणूस. त्यानं ऐकून घेतलं आणि सांगितलं की शेवटच्या दिवशी दुपारी अठराव्या गलीपाशी दोरीच्या मागं प्रेक्षकांत उभा राहा, निळी टोपी घाल.

हे पाशाभाईंनी शुक्रवारी फोनवर आमिनाबीला सांगितलं. तिनं मला सांगितलं. मी आमच्या ह्यांना, आप्पारावांना, सांगितलं, आणि तिथंच चूक झाली. आप्पारावांनी आयुष्यभर गेवराई स्टँडवर भोंग्यावरून गाड्या पुकारल्या आहेत. माहिती नसली तरी आवाज ठाम. संध्याकाळपर्यंत गावभर झालं की पाशाभाई टीव्हीवर दिसणार.

रविवारी कापसाची वेचणी सोडून माणसं आली. पाशाभाईंचा भाचा वासिफ, त्याचं मोबाईल दुरुस्तीचं दुकान आहे. त्यानं फोन मोठ्या टीव्हीला जोडला. दुकानात वीस-पंचवीस माणसं, बाहेर पायरीवर आणखी. सगळ्यांत पुढं खुर्चीवर आमिनाबी. ती ईदची ओढणी घेऊन आली होती, जशी काही पाशाभाईंनाच ती दिसणार होती. मी तिच्या शेजारी स्टुलावर बसले.

तीन तास आम्ही गोल्फ बघितला. मला विचाराल तर एवढं गवत आमच्या तालुक्यात एका जागी मी पाहिलेलं नाही. बाकी काही कळत नव्हतं. आप्पाराव समजावून सांगत होते. त्यांनी तासभर सगळ्यांना सांगितलं की ज्याचा आकडा मोठा तो पुढं आहे. नंतर वासिफनं फोनवर वाचून सांगितलं की ह्या खेळात कमी मारणारा जिंकतो. तोवर आम्ही सगळ्यांत शेवटच्या देशाला टाळ्या वाजवत होतो.

एक गोष्ट मात्र मला लगेच उमगली. शेवटच्या दिवशी जोडीला एकच चेंडू असतो. एकदा ह्यानं मारायचा, मग त्याच चेंडूला त्यानं. ह्यानं झाडीत घातला तर त्यानं झाडीतून काढायचा, आणि तोंडातून शब्द काढायचा नाही. मी म्हटलं, हा खेळ मला ठाऊक आहे, मी सदतीस वर्षं खेळते आहे. आप्पाराव सोडून सगळे हसले. आमिनाबीही हसली, पण तिची नजर पडद्यावरून हलली नाही.

साडेपाच वाजता अठरावी हिरवळ आली. तिच्याभोवती दोरी, दोरीमागं गर्दी. आता खेळाकडं कुणाचं लक्षच नाही. सगळे गर्दीत निळी टोपी शोधायला लागले. "त्यो बगा." "त्यो न्हाई बे, त्यो गोरा हाय." तीन निळ्या टोप्या सापडल्या आणि तिन्ही दुसऱ्याच निघाल्या. मधल्या वेळात आपला उंच गडी चेंडूमागं उभा राहिला. वासिफ म्हणाला की हा एक चेंडू गलीत गेला तर आपण पहिल्या नंबराच्या बरोबरीला, नाही गेला तर दुसरे. दुकानात कुणी ऐकलं असेल असं मला वाटत नाही.

उंच गड्यानं चेंडू हलकेच ढकलला. तो गलीकडं निघाला, सरळ चालला होता, आणि गलीच्या जवळ जरासा थरथरल्यासारखा होऊन एका अंगाला सरकला. वीतभर पुढं जाऊन थांबला. गर्दीतून मोठा उसासा आला. ठेंगणा गडी पुढं झाला, आता पाळी त्याची. आणि तेवढ्यात पडदाभर पाशाभाईंचा चेहरा.

काय सांगू. निळी टोपी, पांढरी झालेली दाढी, नजर खाली. आम्ही सगळे एकदम ओरडलो. मीसुद्धा ओरडले, उभी राहून, साठीची बाई. आप्पारावांनी पुकारा केला, "उमापूरचे पाशाभाई!" आणि पायरीवरच्यांनी शिट्ट्या मारल्या. तीन सेकंद. मग पडद्यावर परत हिरवळ आली तेव्हा ठेंगणा गडी गलीतून चेंडू काढून घेत होता. रस्त्यावरच्या कुणाला वाटलं की भारत जिंकला. त्यानं दिवाळीतली उरलेली लड लावून दिली. आपला देश हरला आणि उमापुरात फटाके वाजले.

वासिफनं दुसऱ्या फोननं घाईघाईत ते टिपलं होतं. अकरा सेकंदांची फीत. तीन सेकंद पाशाभाई, बाकी दुकानाचं छत आणि आमचा आरडाओरडा. रात्रीच्या जेवणाआधी ती तालुकाभर फिरली. कुणीतरी खाली लिहिलं की देश हरला म्हणून उमापूरच्या सुपुत्राचा चेहरा पडला. तेच सगळ्यांनी धरलं. गावातले पुढारी अमरसिंह यांनी स्टँडवर फलक लावला, त्यावर तोच चेहरा आणि शेजारी त्याच्या दुप्पट आकाराचे अमरसिंह.

पाशाभाई जानेवारीत कायमचे परत आले. एसटीतून उतरले ते थेट त्या फलकासमोर. वासिफ घ्यायला गेला होता, त्यानं नंतर सांगितलं. मामा फलकाच्या जवळ गेले आणि म्हणाले, "हे काढायला सांग."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी आणि आप्पाराव त्यांच्याकडं गेलो. पाशाभाई अंगणात बाजेवर बसले होते. वासिफही आला होता. आमिनाबी आत चुलीपाशी भाकरी करत होती, दार उघडंच होतं. माणूस वाळला होता. मला वाटलं प्रवासाचा शीण असेल. आप्पारावांनी विषय काढलाच. "पाशाभाई, त्या दिशी लई वाईट वाटलं आसंल तुमाला. देशासाठी डोळ्यात पानी."

"देशासाठी न्हाई, आप्पा," पाशाभाई म्हणाले. "ती चूक मपली होती."

आम्हाला काही कळेना. त्यांनी सावकाश सांगितलं. मी त्यांच्याच शब्दांत सांगते, कारण त्यांच्या बोलण्यात कुठंही स्वतःला वाचवायचा प्रयत्न नव्हता.

"शेवटच्या दिशी पहाटं मी अठराव्यावर गेलतो. स्पर्धा झाली की मला शेडमधी बसवनार होते, हिरवळीवर परत जायचो न्हवतो. म्हंजे ही मपली शेवटची गल. नवी पाडली. जुन्या जागी बूच बसवलं, दाबलं, गाल लावून बघितलं, एकदम सपाट. पिचकारी मारली. मापाची मारली. तिथं पान्याचं बी माप हाय. मग उठलो आन् चार पावलं गेलो. वारं गरम सुटलं होतं. मनात आलं, उद्या ह्याला बघायला मी न्हाई. दुसरा कोन येईल त्याला पानी घालायचं सुचंल न सुचंल. मूळ तुटलेलं गवत ते. मागं फिरलो आन् मपल्या प्यायच्या बाटलीतलं ओंजळभर घातलं."

त्यांनी ओंजळ करून दाखवली.

"पानी जास्त झालं की बूच खालनं फुगतं. दुपारपतुर गव्हाच्या दान्याएवढं वर आलं. कुनाला दिसलं न्हाई. खेळनाऱ्याला दिसलं आसतं तर त्याला दाबायची मुभा हाय, पन त्याला बी दिसलं न्हाई. मला दोरीमागनं दिसलं. चेंडू येतानाच दिसलं, कारन मला जागा ठाव होती. आन् चेंडू तिथंच वळला."

"साहेबाला सांगितलं?" मी विचारलं.

"त्याच सांजंला. त्यो गुडघ्यावर बसला, हात फिरवून बघितला. म्हनला, मी बी सकाळी इथनंच गेलतो, मला बी कळलं न्हाई. मपला हात हातात घेतला आन् गेला. रागावला आसता तर बरं वाटलं आसतं."

एकोणीस वर्षं ज्याच्या कामाचं नाव असं की ते दिसू नये, त्याचं काम एकदाच दिसलं ते असं. आणि चूक तरी कसली? तहानलेल्या मुळाला पाणी घातलं. आमच्या भागातला कुठलाही बागवान हेच करेल. मला त्या खेळाचा, त्या मापाच्या पिचकारीचा, सगळ्याचा संताप आला. पण पाशाभाईंचं अजून संपलं नव्हतं.

"पन ताई, मला दुसरंच खातंय. उंच गड्याचा चेंडू थांबला, मग ठेंगण्याची पाळी आली. त्यानं चेंडू गलीत घातला. मपल्या गलीत, मपल्यापासनं धा पावलांवर. ज्याच्यासाठी थांबलो होतो ते झालं. आन् मी त्या बुचाकडं बघत होतो. मान वर केली तवा त्यो चेंडू काढून घेत होता."

आतली भाकरी थापायची थाप थांबली आणि पुन्हा सुरू झाली.

पाशाभाईंनी आमच्याकडं बघितलं. पहिल्यांदा त्यांच्या चेहऱ्यावर जरा उत्सुकता आली. "तुमी तर सगळ्यांनी बघितलं आसंल. टीव्हीत. सांगा ना, कसा पडला?"

मी आयुष्यात पुष्कळ अवघड प्रश्नांना उत्तरं दिली आहेत. लेकरं विचारतात, बाई माझा बाप ऊसतोडीहून कधी येणार. त्यालाही काहीतरी उत्तर असतं. ह्याला मी उत्तर जुळवत होते, तेवढ्यात आप्पाराव त्यांच्या ठाम आवाजात बोलून गेले.

"पडला की. झकास पडला. उजवीकडनं आला आन् टक्कन आत."

पाशाभाई हळूच म्हणाले, "चेंडू डाव्या अंगाला थांबलेला, आप्पा."

आप्पारावांची मान खाली गेली. त्यांनी चेंडू झाडीत घातला होता आणि आता पाळी माझी होती. मी सांगून टाकलं.

"पाशाभाई, आमी कुनीच न्हाई पाहिला. चेंडू पडत होता तवा टीव्हीवाल्यांनी तुमाला दाखवलं. आमी तुमाला बघत होतो."

"मला?" ते म्हणाले. "मला बघून काय करायचं होतं?"

"सगळा गाव त्याच्यासाठीच बसला होता," वासिफ म्हणाला. "मामा, तुमाला ती फीत पाठवली होती की."

"लई जनांनी पाठवली. मी उघडली न्हाई. मला वाटलं त्यात बूच दिसंल."

"बूच न्हाई दिसत. तुमीच दिसता." वासिफनं फोन काढला.

पाशाभाईंनी चष्मा लावला. फोन हातात धरून त्यांनी अकरा सेकंद स्वतःचा चेहरा आणि दुकानाचं छत बघितलं. मग म्हणाले, "गलीपाशी माइक लावलेला आसतो. पडल्याचा आवाज येतो. ह्यात आसंल." त्यांनी वासिफकडून आवाज पूर्ण वाढवून घेतला आणि फोन कानाला लावला.

आमचा तो आरडाओरडा माझ्या कानावर येत होता. माझाच चिरका आवाज, आप्पारावांचा पुकारा, शिट्ट्या. मला लाज वाटली. त्या सगळ्या गोंगाटाच्या खाली कुठंतरी एक चेंडू पडला होता आणि आम्ही तो बुजवून टाकला होता. पाशाभाईंनी पुन्हा लावलं. डोळे मिटून ऐकलं. काही लागलं नाही, असं त्यांच्या चेहऱ्यावरून दिसत होतं.

तिसऱ्यांदा लावलं तेव्हा ते एकदम थांबले. मागं घेतलं. परत लावलं. आता मलाही ऐकू आलं. आमच्या सगळ्यांच्या मराठी ओरडण्यात एक बारीक आवाज, अगदी फोनजवळून. मी शेजारी बसलेली असून त्या दिवशी मला ऐकू आला नव्हता. आमिनाबीचा आवाज. ती पडद्याशी बोलत होती, त्यांच्या घरच्या बोलीत.

"कित्ते दुबले हो गये जी."

एवढंच. पाशाभाईंनी फोन कानावरून काढून मांडीवर ठेवला आणि पुन्हा लावला. आता ते चेंडू पडल्याचा आवाज शोधत नव्हते, हे आप्पारावांनासुद्धा कळलं. एकोणीस वर्षं ती बाई फोनवर "सब ठीक है" म्हणत आली होती. तो माणूस तिकडून "मैं बी ठीक हूँ" म्हणत आला होता. तो नसताना ती त्याला काय म्हणते, हे त्यानं कधी ऐकलं असणार? मला रडू आलं आणि मी ते लपवलं नाही.

थाप पूर्ण थांबली होती. आतून आमिनाबी म्हणाली, "बंद करो जी. लोकां बैठे हैं."

पाशाभाईंनी बंद केलं नाही. त्यांनी उघड्या दाराकडं बघितलं आणि आणखी एकदा लावलं.

मी आप्पारावांच्या दंडाला धरून त्यांना उठवलं, वासिफला डोळ्यानं खुणावलं. आम्ही तिघं चहा न घेताच निघालो. आमचं आणि त्यांचं घर एका भिंतीचं आहे. मी कुलूप काढून आत जाईपर्यंत पलीकडून फोनमधला तो बारीक आवाज आणखी दोनदा आला.